मलमलीवर चालवून न पाहिलेले मशीन

या अंकाच्या संपादकांनी मला सुचवले होते, की घरगुती शिलाई मशीनच्या दुरुस्तीच्या निमित्ताने भेटलेल्या चमत्कारिक गिऱ्हाइकांविषयी काही हलकेफुलके लिहावे. तशी गिऱ्हाइके भेटली, हे खरे. एका बाईंनी मशीनला वर्षभर घाण्याचे शेंगतेल घातले होते. जे तेल माणसाच्या पोटाला चालते ते लोखंडाला का चालू नये, असा त्यांचा प्रश्न होता. मी ते मशीन उघडले तेव्हा आतले सांधे गुळाच्या पाकासारखे जमून बसले होते आणि दुकानाला दिवसभर चटणीचा वास येत होता. माळशिरसकडचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नात दिलेले मशीन एस.टी.च्या टपावर बांधून घेऊन आले. तक्रार अशी, की ते चालतच नाही. पाहतो तो कारखान्यात सुईखाली सरकवलेला कागद सहा वर्षांनंतरही जागचा हललेला नव्हता. मुलीला त्या मशीनला कुणी हात लावू दिला नव्हता; सासूबाई त्यावर रेडिओ ठेवीत.

असे पुष्कळ सांगता येईल. परंतु मी लिहायला बसलो, की लेखणी एकाच बाईपाशी येऊन थांबते. तिला चमत्कारिक म्हणता येणार नाही. त्या प्रसंगात चमत्कारिक काही असेल तर ते माझे वागणे. म्हणून संपादकांची क्षमा मागून मी तेच लिहितो.

नवी पेठेत कापडाच्या दुकानांमागे जो बोळ जातो, त्यात माझे सहा फूट रुंदीचे दुकान होते. माझे थोरले बंधू शाळामास्तर. मॅट्रिकनंतर मी कारकुनीत शिरेन अशी त्यांची अपेक्षा होती. मला लोखंडाची ओढ लागली. ज्या उस्तादांपाशी मी काम शिकलो, त्यांना लिहितावाचता येत नव्हते, पण मशीनचा आवाज ऐकून ते कोणता स्क्रू ढिला आहे ते सांगत.

बाहेरच्या माणसाचा समज असतो, की सुई दोरा घेऊन खाली जाते आणि टाका पडतो. एवढ्याने टाका पडत नाही. सुई तळाला जाऊन वर येऊ लागते, त्या क्षणी तिच्या मागे दोऱ्याचा एक लहानसा फास सुटतो. तेवढ्यात खालच्या शटलचे टोक येऊन तो फास उचलते, बॉबीनच्या दोऱ्याभोवती फिरवते, आणि मग टाका बांधला जातो. फास सुटणे आणि टोक येणे, या दोहोंची भेट चुकली की टाका सुटतो. ही भेट अवलंबून असते सुई ज्या दांडीत बसवलेली असते त्या दांडीच्या उंचीवर. उंचीत एखाद्या दोऱ्याच्या जाडीएवढा फरक पडला, तर जाड कापडावर तो उमगत नाही. जाड कापड सुईला घट्ट धरते आणि फास मोठा सुटतो. मलमलीसारखे विरळ कापड मात्र सुईबरोबर किंचित वर उचलले जाते, फास अगदीच लहान पडतो आणि शटलचे टोक रिकामेच पुढे निघून जाते.

म्हणूनच उस्ताद दुरुस्त केलेले प्रत्येक मशीन तीन कापडांवर चालवून पाहत: चादर, मांजरपाट आणि मलमल. मी नवखा असताना एकदा चादरीवर सरळ टाका काढून त्यांच्यापुढे मोठ्या अभिमानाने धरला. त्यांनी मानही वर केली नाही. "मोटे पे तो गधा बी सीता," ते म्हणाले, "बारीक पे चलाके बता."

उस्ताद गेल्यावर ही शिस्त माझ्या हातून हळूहळू सुटली. मलमल आणून ठेवावी लागते. चादरीच्या कडांची कात्रणे मात्र आमच्या गावात मागांच्या दारात पोत्यापोत्याने पडलेली असतात. गिऱ्हाइकालाही चादरीवरची चाचणी आवडे. गडद रंगावर पांढरा टाका कसा रांगेत उभा राहतो. शिवाय ती कधी फसत नसे. कधीच न फसणारी चाचणी ही चाचणी नव्हे, हे मला तेव्हा सुचायला हवे होते.

दुष्काळ सरला त्या वर्षीचे नवरात्र होते. खंडेनवमीला घरोघरी हत्यारे-अवजारे पुजली जातात, आणि सोलापुरात शिलाई मशीनही त्या पंगतीत बसते. त्या दिवशी चाक फिरवायचे नाही. मशीनला झेंडूची माळ, हळदकुंकू, अक्षता. पूजेआधी मशीन स्वच्छ हवे म्हणून माझ्याकडे रांग लागे, आणि पूजेनंतर तेलाच्या भोकांत गेलेले कुंकू नि तांदूळ काढून घ्यायला तीच मंडळी परत येत. माझे निम्मे पोट देवीच्या अक्षतांवर आहे, असे मी हसत म्हणत असे.

सुईदांडीची उंची ठरवण्यासाठी उस्तादांनी मला पितळेची एक पट्टी दिली होती. ती सुईखालच्या पत्र्यावर उभी करायची आणि तिच्यावरच्या खुणेला दांडीचे टोक टेकवायचे. त्या घाईच्या दिवसांत एक गंजलेला स्क्रू निघेना. पेचकस जवळ नव्हता. उठण्याचा कंटाळा करून मी हाताशी असलेली ती पट्टीच स्क्रूच्या खाचेत घातली आणि जोर दिला. पट्टीचे टोक मोडून कुठे उडाले ते सापडलेही नाही. दारात माणसे खोळंबली होती. मी डब्याच्या पत्र्याची एक नवी पट्टी कापली, डोळ्यांच्या अंदाजाने तिच्यावर खूण केली, आणि त्या नवरात्रात पुढे जेवढी मशीने उघडली तेवढी सगळी तिच्यावर बसवली. प्रत्येक मशीन चादरीवर उत्तम चालले.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी महादेवी आली. गिरणीच्या चाळीत राहणारी ही तिशीतली बाई आपले हातमशीन लुगड्याच्या जुन्या पदरात बांधून डोक्यावरून आणत असे. हातमशीनला पायाचे काम नसते; उजव्या हाताने मूठ फिरवायची आणि डाव्या हाताने कापडाला दिशा द्यायची. ती लहान मुलांची मलमलीची झबली आणि टोपरी शिवून नवी पेठेतल्या सिद्रामप्पा नावाच्या व्यापाऱ्याच्या दुकानात देई. तिच्या झबल्याची शिवण उलट्या बाजूनेही पाहण्यासारखी असे.

"मिस्त्री, टाका सोडतंय की वो," ती म्हणाली.

दुकानात चौघेजण बसले होते. त्यांत एका शिवणवर्गाच्या बाई होत्या, ज्यांच्या वर्गाची सगळी मशीने माझ्याकडे येण्याचे घाटत होते; आणि एक निवृत्त कारकून होते, जे वर्तमानपत्र वाचायला माझ्याकडे येत. मी चादरीचे कात्रण घेतले, सुईखाली सरकवले आणि मूठ फिरवली. टाके एका ओळीत पडले. कात्रण मी चौघांना दिसेल असे वर धरले.

"जाड्यावर चालतंय, मला ठावं हाय," महादेवी म्हणाली. "मी जाडं शिवत न्हाय. दसऱ्याआदी ह्याच मशीनवर मलमल लोण्यावानी जात हुती. तुमच्याकडनं नेल्यापास्नं सोडतंय." तिने कमरेच्या पिशवीतून मलमलीचा एक तुकडा काढून माझ्यापुढे धरला. "ह्याच्यावर चालवून दावा."

तो तुकडा मी घेतला नाही.

गेली कित्येक वर्षे मी स्वतःला विचारत आलो आहे, की त्या क्षणी मला काय ठाऊक होते. पट्टी चुकली आहे, हे स्पष्ट शब्दांत मनात आले नव्हते, असे मी प्रामाणिकपणे सांगू शकतो. परंतु मूठ फिरवताना टिचकीसारखा एक अगदी बारीक आवाज माझ्या कानाने टिपला होता, जो तिथे असायला नको होता. आणि मलमल हातात घेतली तर काहीतरी उघडे पडेल अशी भीती मला वाटली, हेही तितकेच खरे. ज्याला काही ठाऊक नसते, त्याला भीती वाटत नाही.

मी म्हणालो, "अक्का, मलमल ही मशीनची परीक्षा नव्हे. मलमल ही हाताची परीक्षा. तुमचा डावा हात कापतो आहे. कापड ओढले जाते, सुई वाकते, टाका सुटतो. मशीन बरोबर आहे."

ते वाक्य मला स्वतःलाच आवडले. "मिस्त्री, हे लिहून दारावर लावा," कारकून म्हणाले, आणि शिवणवर्गाच्या बाईंनी मान डोलावली.

महादेवीने आपला डावा हात समोर धरून पाहिला. बोटे स्थिर होती. तरी ती त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाच्या बोटांकडे पाहावे तशी पाहत राहिली.

"कापतोय व्हय?" तिने हळूच विचारले. मग म्हणाली, "मिस्त्री, माझं काम गेलं तर चाळीत दुसरं काम न्हाय. विड्या वळाव्या लागत्याल. आन आमच्या घरात तंबाखू आणायची न्हाय, डॉक्टरनी बजावून सांगितलंय. आमचे मालक एका श्वासाचे दोन करून घ्यायलेत. पिंजण खात्यात बारा वर्सं कापूस खाल्लाय त्यांनी."

"विश्रांती घ्या," मी म्हणालो. "हाताला तेल चोळा. बरे वाटेल."

तिने मलमलीचा तुकडा घडी घालून परत पिशवीत ठेवला, मशीन बांधले आणि डोक्यावर उचलून घेतले. ते उचलून द्यायलाही मी उठलो नाही. शिवणवर्गाची मशीने मला मिळाली.

संक्रांतीच्या सुमारास माझी मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली होती. एका दुपारी सौभाग्यवती घरातल्या मशीनवर टोपरे शिवत बसली होती. ते मशीनही मी नवरात्रात साफ केले होते.

"अहो, तुमचं हे मशीन टाका सोडतंय," ती म्हणाली.

"तुझा हात..." मी बोलू लागलो.

"माझा हात काय? तीस वर्षं हाच हात आहे माझा. या हाताच्या भाकरी खाताना कधी तक्रार केली नाहीत!"

मी जेवता जेवता उठलो. मशीन उजेडात नेले, मूठ अगदी सावकाश फिरवली आणि भिंगातून पाहिले. सुई वर आली, फास सुटला, आणि शटलचे टोक त्याच्या शेजारून निघून गेले. पत्र्याची पट्टी काढली आणि उस्तादांच्या काळापासून कधीच न उघडलेल्या एका जुन्या मशीनच्या दांडीशी लावून पाहिली. एका दोऱ्याच्या जाडीएवढा फरक होता.

पुढचे मला लिहिणे अवघड जाते. त्या नवरात्रात आलेली मशीने कोणाकोणाची, ते मी आठवून आठवून काढले आणि एकेका घरी गेलो. पण चूक झाली म्हणून गेलो नाही. "दसऱ्यानंतरची तपासणी आहे, गिऱ्हाइकाला फुकट," असे सांगत गेलो. पाच मिनिटांत दांडी जागेवर बसवत असे. लोकांनी चहा दिला, तिळगूळ दिला. असा माणूस दुर्मिळ, असे माझ्याविषयी बोलले गेले. बहुतेकांना मशीन बिघडले आहे हे कळलेही नव्हते, कारण ते जाडेभरडेच शिवत. ज्या एकीला ते पहिल्या दिवशी कळले होते, तिच्या घरी मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असे करता करता शिवरात्र उलटली.

अखेर एका सकाळी पेचकस आणि मलमलीचा तुकडा घेऊन मी गिरणीच्या चाळीत गेलो. महादेवी बाहेर ओट्यावर बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने. वाऱ्याने पाने उडू नयेत म्हणून तिने भोवती पोते उभे बांधले होते. घरात तंबाखू नको, म्हणून थंडी-ऊन अंगावर घेऊन ती ओट्यावरच विड्या वळत होती. पण खोली एकच, दार एकच, आणि वारा नेमका आत वाहत होता. आत बाजेवर तिचा नवरा बसप्पा उशांना टेकून बसला होता. कोपऱ्यात तिची सासू गौरव्वा ज्वारी निवडत होती.

"बर्री, कुंद्री," म्हातारीने कानडीत बसायला सांगितले.

मी बसलो नाही. मशीन मागितले. ते बाजेखाली होते, झाकणावर धूळ होती. मी दांडीचा स्क्रू सैल केला, उंची बदलली, स्क्रू आवळला, मलमल घातली आणि मूठ फिरवली. टाके पडत गेले, एकही न सुटता.

महादेवी दारात येऊन उभी होती. "येवढंच हुतं?" तिने विचारले.

"एवढेच," मी म्हणालो. "अक्का, चूक माझी होती. माझी पट्टी चुकली होती. तुमचा हात कापत नव्हता. मी तुमच्या हातून मलमल घ्यायला हवी होती. मी घाबरलो आणि तुमच्या हातावर ढकलले."

मग बसप्पा खोकत खोकत हसला. "गिरणीत बी असंच सांगायचे, मिस्त्री," तो म्हणाला. "मशीन बरोबर हाय, तूच खोकू नगंस."

महादेवीने पुढे येऊन डाव्या हाताची बांगडी वर सारली. मनगटाच्या आतल्या अंगाला, अंगठ्याच्या खाली, जांभळट कातडी सुरकुतून ओढली गेली होती. अंगठा पुरता उघडत नव्हता.

"डाग दिलाय," ती म्हणाली. "तापल्या विळ्याचा. कापरं जातंय म्हणून."

"डाग म्या द्याया लावला," कोपऱ्यातून गौरव्वा बोलली. तिने सूप खाली ठेवले होते. "हिनं नगंच म्हनलं. 'अत्ती, हात माजा चांगला हाय, मशीनच वाईट हाय,' म्हनत हुती. हात धरून म्या नेलं हिला, होटगीच्या पल्याड एका वस्तीवर. म्या म्हनलं, मिस्त्री येवढा शाना मानूस, खोटं कशापायी बोलंल?"

मी म्हातारीपुढे हात जोडले. ती म्हणाली, "मला कशाला जोडताव? डाग द्यायला लावनारी मी, सांगनारे तुमी. आपन दोगं एका माळंचं मनी."

महादेवीने मला बाजूला व्हायला सांगितले, मशीनपुढे बसून मलमल घेतली आणि शिवू लागली. मशीन चोख चालले, पण तिचा अंगठा कापडाला धरू शकत नव्हता, आणि शिवण हळूहळू एका बाजूला कलत गेली. एक वीतभर शिवून तिने मूठ सोडली. जे मी तिच्या हाताविषयी खोटे बोललो होतो, ते आता खरे झाले होते.

त्या दिवशी मी तडक सिद्रामप्पांच्या दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकांदेखत त्यांना सगळे सांगितले. त्यांनी मापपट्टी गळ्यात अडकवत ऐकून घेतले. "ह्ये दिवाळीआदी सांगायचं हुतं की वो मिस्त्री," ते म्हणाले. "मी बाईला काय काय बोललो! आता शिवणार कोण?"

"मी शिवतो," मी म्हणालो.

मशीने उघडण्यात माझी हयात गेली होती. एक झबलेही मी कधी शिवले नव्हते. दुकानाच्या सुटीच्या दिवशी, आणि पुढे पुढे रोज दुपारी दोन तास, मी चाळीत जाऊ लागलो. महादेवीचा उजवा हात शाबूत होता. ती कापून देई आणि मी शिवत असे. तेव्हा मला कळले, की मी जो दोष तिच्या हाताला लावला होता तो माझ्या हातात होता. माझा डावा हात कापड ओढत असे आणि सुई वाके.

"ओढू नका, मिस्त्री," ती शेजारी बसून म्हणे. "कापडाला माहीत हाय कुटं जायचं. तुमी नुसती वाट दावा."

शेजारणी दारातून डोकावून जात. "काय वो मिस्त्री, कुनाचा बाळंतविडा शिवायलाव? आमची बी ऑर्डर घेताव का?" गौरव्वा त्यांना कानडीत काहीतरी बोले आणि त्या पदर तोंडाला लावून पळत. पहिली दहा झबली सिद्रामप्पांनी उलटी करून पाहिली आणि माझ्या अंगावर टाकली. "हा झबल्याचा गळा हाय का पोत्याचं तोंड? लेकराची मान कापली जाईल की!" ती उसवून मी पुन्हा शिवली.

उन्हाळाभर असे चालले. आधी महादेवीने विड्यांचे काम निम्मे केले. मृगाच्या आसपास सिद्रामप्पांनी एक संपूर्ण गठ्ठा बिनबोलता ठेवून घेतला. त्या दिवशी तिने उरलेली तंबाखू परत पोहोचवली, ओटा नि खोली धुऊन काढली आणि दोन वेळा सारवली. बसप्पाची बाज दाराशी आणली. तो मला म्हणाला, "मिस्त्री, आज घराला मातीचा वास येतोय." त्याला माझ्यावर राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

श्रावणात तो गेला. त्याची छाती बारा वर्षे कापसाने भरत आली होती. डॉक्टरांनी आधीच फारशी आशा दिलेली नव्हती. दिवाळीपासून मृगापर्यंत दारातून जी तंबाखू आत जात राहिली, तिने त्याचे किती दिवस कमी केले, ते कुणी सांगू शकणार नाही. माझे काही हितचिंतक मला याच वाक्याचा आधार घ्यायला सांगतात. मला तो घेता येत नाही. किती दिवस, हे ठाऊक नाही, एवढेच. काहीच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

त्याचे दिवस झाल्यावर मी नेहमीच्या वेळी गेलो. ओटा रिकामा होता, दार लोटलेले होते. आत गेलो तर बाज काढून ठेवलेली, आणि तिच्या जागी, खोलीच्या अगदी मधोमध, महादेवी सूप मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी गौरव्वा पाने कापत होती. मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलेले. मी नेहमीप्रमाणे त्याच्याकडे वळलो.

"राहू द्या, मिस्त्री," ती म्हणाली. तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. "तुमी तुमचं दुकान बगा. तुमाला बी घरदार हाय. माज्या हातानं विडी जमतीया, अंगठा जरा कमी लागतोय. चा करते, घेऊन जावा."

"पण अक्का, झबली सुरळीत जात आहेत. सिद्रामप्पा गठ्ठे द्यायला तयार आहेत. घरात ही तंबाखू पुन्हा कशाला?"

तिने पान दुमडले, दोरा गुंडाळला, विडी बाजूला ठेवली.

"आता घरात तंबाखू आली तर कुनाला ठसका लागतोय, मिस्त्री?"

मी तिथेच भिंतीला टेकून बसलो. दार लोटलेले असल्यामुळे हवा कोंडली होती आणि तंबाखूची बारीक भुकटी उन्हाच्या तिरिपीत तरंगत होती. उत्तर द्यायला मी तोंड उघडले आणि मला जोराचा खोकला आला. तो थांबेना.

दोघी एकदम उठल्या. गौरव्वाने धावत जाऊन दार सताड उघडले, आणि महादेवीने सूप उचलून बाहेर ओट्यावर नेले.